ग्रहण, फॉलिक ॲसिड आणि पहिले २८ दिवस

तुम्ही लिहिलंय, पहिल्या खेपेला सोनोग्राफीत ॲनेनसेफॅली निघाली, म्हणजे बाळाच्या कवटीचा वरचा भाग तयारच झाला नव्हता, आणि गर्भपात करावा लागला. सासूबाईंचं म्हणणं, चौथ्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा तुम्ही भाजी चिरलीत म्हणून हे झालं. आणि तुमचा प्रश्न असा, की या वेळी पाळी चुकल्याबरोबर फॉलिक ॲसिड सुरू केलं तर पुरेल का? दोन्हींचं उत्तर तारखांमध्येच आहे. मी मेडिकल कॉलेजात बरीच वर्षं भ्रूणशास्त्र शिकवलं, त्या आधारावर लिहितो. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

गर्भ राहिल्यावर साधारण १८-१९ व्या दिवशी, गर्भ जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असताना, त्याच्या पाठीकडचा एक पट्टा जाड होतो. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही याच पट्ट्यातून होतात. सतरंजीच्या दोन्ही कडा उचलून मध्ये आणल्या की नळी होते, तशा पट्ट्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि २२ व्या दिवसाच्या आसपास मानेच्या पातळीवर एकमेकींना चिकटतात. तिथून ही न्यूरल ट्यूब वर आणि खाली अशी दोन्हीकडे मिटत जाते. डोक्याकडचं तोंड साधारण २५ व्या दिवशी बंद होतं, शेपटाकडचं २८ व्या दिवसापर्यंत.

डोक्याकडचं तोंड उघडं राहिलं तर ॲनेनसेफॅली. वर कवटी धरत नाही, मेंदूचा भाग गर्भजलात उघडा पडून झिजून जातो. असं बाळ जगत नाही. खालचं तोंड उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटणं. तिथे बाळ जगतं, पण पायांतली ताकद, लघवी-शौचावरचा ताबा यांवर कमीअधिक परिणाम होतो आणि पुष्कळांच्या डोक्यात पाणी साठतं, ते काढायला वेगळी नळी (शंट) बसवावी लागते. 

आता हे दिवस पाळीच्या हिशोबात बसवून बघा. पाळी चुकते ती गर्भ राहिल्यापासून साधारण १४ व्या दिवशी, म्हणजे तो पट्टा अजून उमटलेलाही नसतो. त्यानंतर दोन आठवड्यांत सगळा कारभार आटोपतो. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणून फाइलवर तेव्हा ‘६ आठवडे’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे बहुतेक जणी दवाखान्यात पोचतात त्या याच्याही नंतर. फॉलिक ॲसिडची गोळी मिळते तेव्हा नळी मिटलेली असते, नाहीतर उघडी राहून गेलेली असते.

त्यामुळे चौथ्या महिन्यातल्या ग्रहणाला इथे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सासूबाईंशी वाद घालू नका. ग्रहणाची तारीख आणि शेवटच्या पाळीची तारीख एका कागदावर लिहून समोर ठेवा. तुमच्या खाण्यापिण्यालाही दोष देत बसू नका. पालक-मेथीत फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप, असतं खरं, पण उकळून पाणी फेकलं की बरंचसं जातं, आणि नुसत्या जेवणावर इथे भिस्त ठेवता येत नाही.

फॉलिक ॲसिडने नळीचा हा दोष टळू शकतो, या शोधाची सुरुवात आपल्या परळची आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा अभ्यास करू लागल्या. त्यावर यीस्टच्या अर्काने, चक्क मार्माइटने, गुण येतो हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट. नळीशी त्याचा संबंध पक्का झाला तो १९९१ मध्ये, ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत. ७ देशांतली ३३ केंद्रं, आणि सगळ्या बायका तुमच्यासारख्या, आधी असं बाळ होऊन गेलेल्या. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये हा दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. शंभर नव्हे, हेही लक्षात ठेवा. मधुमेह, फिटची काही औषधं, आनुवंशिकता अशी इतर कारणं असतातच.

तेव्हा ‘पाळी चुकल्यावर’ नाही, दिवस राहायच्या आधी. आधी असं घडलेलं नाही त्यांना सहसा रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. आधी असं घडलेल्यांना ४ ते ५ मिलिग्रॅम देतात, गर्भ राहण्याआधी किमान महिनाभर, जमल्यास तीन महिने, आणि पुढे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. तोपर्यंत गर्भनिरोधक वापरा, उगाच घाई नको.

तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्याच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांमध्ये याची कमतरता किती सर्रास आहे ते दाखवलंय, आणि फोलेटचं काम पेशीत बी-१२ शिवाय अडतं. शिवाय बी-१२ कमी असताना नुसतं जास्त फॉलिक ॲसिड घेतलं तर ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. साखरही बघून घ्या. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, न्यूरोलॉजिस्टना आधी भेटून पर्याय विचारा.

पुन्हा असं होण्याची शक्यता साधारण २ ते ५ टक्के धरतात, गोळीने ती बरीच खाली येते. या वेळी ११ ते १४ आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, ॲनेनसेफॅली तेव्हाच दिसू शकते. पाठीच्या कण्यासाठी १८ ते २० आठवड्यांची वेगळी करावी लागते. मागचा रिपोर्ट दोन्ही वेळा सोबत न्या आणि आधी काय झालं होतं ते सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगा.