ऑइल दुधाळ झालंय, हेड उतरवू का?

प्रश्न : गंगापूर धरणात मासेपालनाच्या पिंजऱ्यांवर जायला आमची 4 सिलिंडर डिझेल इंजिनाची बोट आहे. आठवडाभर डिपस्टिकवर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसतंय, पातळीही चढलीय. कुलंटच्या टाकीत रोज अर्धा लिटर भर घालतो. फिटर म्हणतो, हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉकमधली पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी इंजिन बंद ठेवा. पिंजऱ्यापर्यंतची एक फेरीसुद्धा नको. असल्या ऑइलने बेअरिंग खाल्लं, की क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंगला न्यावा लागतो.

बोटीत पाणी दोन प्रकारचं फिरतं: इंजिनातलं कुलंट आणि त्याला गार करणारं धरणाचं पाणी. तुमची टाकी उतरतेय, म्हणजे कुलंटच जातंय. टाकी भरलेली राहिली असती, तर मी धरणाचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं सील आधी पाहिलं असतं.

कुलंट ऑइलमध्ये शिरायची वाट गॅस्केटच असेल असं नाही. आता ऑइल कूलर पाहा, म्हणजे कुलंटने ऑइल गार करणारा नळ्यांचा भाग. सातपूरला मी एकदा असंच हेड उतरवलं, फेसिंग केलं (हेडचा तळ सपाट करून घेतला), नवं गॅस्केट घातलं. चौथ्या दिवशी ऑइल पुन्हा पांढरं! कूलरची एक नळी फुटलेली होती. त्या मालकाचा वाया गेलेला खर्च मला अजून सलतो, म्हणून तुम्हाला थांबवतोय.

इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त असतो, त्यामुळे फुटक्या कूलरमधून ऑइल कुलंटमध्ये जातं. बंद केलं की ऑइलचा दाब उतरतो, गरम कुलंटचा मात्र काही वेळ टिकतो. मग कुलंट ऑइलमध्ये शिरतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टाकीचं झाकण उघडा. वर तेलाचा तवंग दिसला, तर कूलर काढा, एका बाजूची तोंडं बंद करून हवा भरा आणि बादलीत बुडवा. बुडबुडे खोटं बोलत नाहीत.

कूलर चांगला निघाला, तरच पुढे. ऑइल काढून चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, उतरवा (जागेवर निघत नसेल, तर इंजिन उचलावं लागेल). टाकीच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेला दाब द्या, बहुधा 1 बारच्या आसपास, आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालून बॅटरी मारा. लायनरच्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याच्या) खालच्या कडेला थेंब असतील, तर तिथली रबरी सील, म्हणजे ओ-रिंग गेली. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) बाजूने वरून ओघळ आला, तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हेड तेव्हा उतरवा.

काढलेलं ऑइल कॅनमध्येच भरा, बोटीच्या तळात थेंबही राहू देऊ नका. हे पाणी नाशिक पितं.

काम झाल्यावर साधं ऑइल भरून थोडा वेळ इंजिन चालवा, काढा, फिल्टर बदला. ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हेच. चांगलं ऑइल त्यानंतर.