वाचकांचे प्रश्न : डोंगराळ रस्ते, जुनी गावे आणि सायकल

प्रश्न : मी सपाट रस्त्यावर 100 किलोमीटर साडेचार तासांत सहज पूर्ण करतो. गेल्या महिन्यात डोंगराळ ग्रामीण भागातून, टेकडीवर वसलेल्या दोन ऐतिहासिक गावांना जोडणारी 70 किलोमीटरची फेरी केली. तिला पाच तास लागले आणि शेवटचे 10 किलोमीटर अक्षरशः ओढत न्यावे लागले. निघण्यापूर्वी नकाशाच्या एका अ‍ॅपने एकूण चढ 950 मीटर दाखवला होता, तर दुसऱ्याने 1300. मार्ग आखताना नेमके कशावर विसंबावे?

उत्तर : आपल्या पत्रातला 70 हा आकडा तूर्त बाजूला ठेवावा. डोंगराळ भागात अंतराइतकाच, किंबहुना अंतरापेक्षाही अधिक, एकूण चढाचा हिशेब महत्त्वाचा असतो. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन धरले आणि अंगात सातत्याने 150 वॉट देण्याची ताकद आहे असे मानले, तर आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे दर 100 मीटर अंतरामागे आठ मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास येतो. पुढच्या उतारावर ही कसर भरून निघेल असे मनाला वाटते, पण ती निघत नाही. 10 किलोमीटर चढ ताशी आठच्या वेगाने आणि तितकाच उतार ताशी 40 च्या वेगाने कापला, तर एकूण वेळ दीड तास होतो आणि सरासरी ताशी साडेतेरापेक्षाही कमी भरते. याचे कारण साधे आहे : वेळेचा मोठा वाटा चढ खातो, आणि उतारावर मिळालेली गती हवेच्या रोधात व ब्रेकमध्ये खर्ची पडते. आपली ताशी 14 ची सरासरी त्यामुळे मुळीच वाईट नाही. माझी सूचना अशी, की पुढच्या चार-पाच फेऱ्यांमध्ये आपण निव्वळ चढावर तासाला किती मीटर उंची गाठता याची नोंद ठेवावी. वरच्या उदाहरणातील स्वाराची ही गती साधारण साडेसहाशे मीटर येते. आपली कदाचित 500 असेल. हा आकडा एकदा हाती आला की नव्या मार्गाचा अंदाज अ‍ॅपच्या वेळेपेक्षा कितीतरी भरवशाचा ठरतो.

आता दोन अ‍ॅपमधील तफावतीविषयी. अशा अनेक नकाशांमागे उपग्रह किंवा अवकाशयानातून रडारने घेतलेली उंचीची मोजमापे असतात. त्यांतले सर्वाधिक वापरले गेलेले सर्वेक्षण फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानातून झाले. या मापनात जमीन साधारण 30 मीटर किंवा 90 मीटर बाजूच्या चौकटींमध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची दिलेली असते. डोंगराच्या कुशीत कोरलेला रस्ता या चौकटींवरून जातो तेव्हा कधी वरच्या कड्याची, तर कधी खालच्या दरीची उंची त्याच्या वाट्याला येते, आणि प्रत्यक्षात एकसारखा चढणारा रस्ता कागदावर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. दरीवरचा पूल असेल तर नकाशा आपल्याला थेट दरीच्या तळाशी नेऊन पुन्हा वर आणतो! हे खोटे चढउतार एखादे अ‍ॅप बेरजेत धरते, दुसरे गुळगुळीत करून टाकते. म्हणूनच आकडे जुळत नाहीत. हवेच्या दाबावरून उंची मोजणारे उपकरण सायकलवर असेल तर फेरीनंतरचा आकडा बराच विश्वासार्ह असतो. मात्र दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे आठ मीटर उंची, त्यामुळे हवामान पालटणाऱ्या दिवशी तेही थोडे फसते. मार्ग आखताना मी स्वतः मोठा आकडा धरतो. चूक झालीच, तर घरी लवकर पोहोचण्याच्या बाजूने व्हावी.

पण एकूण चढाचा आकडा अचूक असला तरी तो सारे सांगत नाही, आणि माझ्या मते आपली फेरी शेवटी जड जाण्याचे खरे कारण इथेच आहे. आल्प्समधील स्टेल्व्हिओ खिंडीचे उदाहरण घ्या. पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूने हा चढ सुमारे 24 किलोमीटरचा आहे, 48 वळणे घेत तो 2757 मीटर उंचीवर पोहोचतो, आणि त्याची सरासरी साडेसात टक्क्यांच्या किंचित खाली राहते. हा रस्ता 1820 ते 1825 या काळात बांधला गेला तो घोडागाड्यांसाठी. घोड्याला ओढता येईल इतकाच चढ ठेवायचा म्हणून वळणावर वळण घातले गेले. त्याच्या तुलनेत बेल्जियममधील फ्लँडर्सचा कोपेनबर्ग ही अगदी किरकोळ टेकडी : जेमतेम 600 मीटर लांबीचा चढ. मात्र त्याची सरासरी साडेअकरा टक्के आहे, सर्वांत तीव्र जागी तो 22 टक्क्यांपर्यंत जातो, आणि वाट दगडी गोट्यांची आहे. 1987 च्या ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ शर्यतीत तिथे आघाडीवर असलेला डॅनिश स्वार येस्पर स्किबी पडला आणि मागून येणारी संयोजकांची मोटार त्याच्या सायकलवरून गेली. त्यानंतर 2002 पर्यंत हा चढ त्या शर्यतीतून वगळलेला होता. मोठ्या खिंडीत स्वाराला एक लय सापडते व ती दोन तास टिकते. ग्रामीण टेकड्यांवर मात्र शेतांच्या कडेने जाणारा अरुंद रस्ता दर दोन किलोमीटरला वर उसळतो, खाली कोसळतो, आणि प्रत्येक उसळीला आपण गरजेपेक्षा अधिक जोर लावतो. एकूण चढ तोच असूनही अशी वाट पाय लवकर रिकामे करते. म्हणून मार्गाच्या उंचीचा आलेख पाहताना सरासरी नव्हे, तर सर्वांत तीव्र 500 मीटर शोधावेत, आणि पहिल्या तासातील चढ हट्टाने, लाज वाटेल इतक्या संथपणे चढावेत.

जुनी गावे कुठे वसली आहेत, याचाही मार्गाशी थेट संबंध आहे. इटलीतील तोस्कानामध्ये सिएना, सान जिमिन्यानो, मोन्तेपुल्च्यानो ही सारी गावे माथ्यावर किंवा डोंगरधारेवर आहेत. संरक्षणाची सोय आणि खालच्या दलदलीपासूनचे अंतर ही त्याची कारणे. अशा गावात शिरताना शेवटचे एक-दोन किलोमीटर नेहमीच तीव्र असणार, हे नकाशा न पाहताही सांगता येते. तेथील पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवरून होणारी ‘स्त्रादे ब्यांके’ ही शर्यत 2007 पासून भरते, आणि सिएनाच्या चौकात संपण्याआधी सांता कातेरिना या गल्लीतला 16 टक्क्यांचा चढ स्पर्धकांची शेवटची परीक्षा घेतो. याउलट नदीच्या पुलाभोवती वाढलेली बाजारपेठेची गावे तळाशी असतात. त्यांत शिरणे सोपे, बाहेर पडणे अवघड. रोमन काळातील सरळसोट रस्त्यांच्या वाटेला जाताना सावध राहावे, कारण टेकडी समोर आली म्हणून ते सहसा वळसा घेत नाहीत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या सायकलवाटा मात्र दिलासा देतात, कारण आगगाडीला दोन-तीन टक्क्यांचा चढही पुष्कळ होतो. आपण फेरी उलट्या दिशेने करून पाहावी : माथ्यावरची दोन्ही गावे पहिल्या 40 किलोमीटरमध्ये घ्यावीत आणि परतीची वाट नदीकाठाने ठेवावी.

प्रश्न : चढावर माझे गुडघे दुखतात. माझ्या सायकलला पुढे 39 दातांची व मागे सर्वांत मोठी 25 दातांची चक्री आहे. सोबतचे अनुभवी स्वार म्हणतात, की सोपे गिअर लावणे म्हणजे पायांना आळशी करणे. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : ऐकू नये. वर दिलेल्याच उदाहरणाने हिशेब करून पाहू. ताशी आठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे 133 मीटर. आपल्या सर्वांत सोप्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सव्वातीन मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला फक्त 40-41 फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर पूर्ण भार येतो. पुढे 34 व मागे 34 दात असतील तर एका फेऱ्यात सुमारे 2.1 मीटर अंतर कापले जाते आणि तोच वेग 63 फेऱ्यांत, बऱ्याच हलक्या पायाने मिळतो. काम तेवढेच होते, पण ते अधिक फेऱ्यांत वाटले जाते. चक्री बदलण्यापूर्वी मागच्या डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, 34 दात झेपतात का, हे दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्यावे, कारण अनेक जुन्या डिरेलरना ते झेपत नाहीत. गुडघेदुखी सीटच्या चुकीच्या उंचीमुळेही असू शकते. गिअर बदलूनही ती तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

आळशीपणाचा हा आक्षेप मात्र सव्वाशे वर्षे जुना आहे. फ्रान्समधील सेंत-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, जे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत, त्यांनी आपल्या ‘ल सिक्लिस्त’ या मासिकातून बदलत्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. टूर द फ्रान्सचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांना गिअर बदलणे कमकुवतपणाचे लक्षण वाटे, आणि त्या शर्यतीत स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा 1937 साली मिळाली. व्हेलोसिओ यांनी प्रवासी स्वारांसाठी सात नियम सांगितले होते. भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे हे त्यांतले दोन सर्वांना पाठ असतात, पण केवळ अहंकारापोटी पेडल मारू नये, हा सातवा नियम आपल्या सोबत्यांना अवश्य ऐकवावा.

प्रश्न : जुन्या गावांतील दगडी फरसबंदीवर हात बधिर होतात, आणि पाऊस पडल्यावर तर घसरण्याची भीती वाटते. टायर कोणते वापरावेत? शिवाय लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरावा की नाही, याबद्दल परस्परविरोधी सल्ले मिळतात.

उत्तर : आपल्या सायकलच्या चौकटीत आणि ब्रेकमध्ये मावतील तितके रुंद टायर घ्यावेत, 28 मिलिमीटर बसत असतील तर 25 चा आग्रह धरण्याचे कारण नाही, 32 बसले तर आणखी उत्तम. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, आणि खडबडीत जागी कडक टायर वेगवान असतो ही समजूत चुकीची आहे, कारण तो प्रत्येक दगडावर उडतो व ती उसळी शेवटी आपल्याच अंगात जिरते. हँडल घट्ट आवळू नये, थोडा जड गिअर ठेवून एकसारखे पेडल मारावे. ओल्या फरसबंदीवर वळताना ब्रेक लावू नये आणि ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. गल्ली माणसांनी भरलेली असेल तर सरळ उतरून चालावे. जुन्या गावाचा मध्यभाग अर्धा किलोमीटरचाही नसतो, आणि वेशीची कमान सायकलवरून नीट पाहता येत नाही, ती पायीच पाहावी.

उताराबाबत : 80 किलो वजन 100 मीटर खाली उतरते तेव्हा जवळजवळ 78 किलोज्यूल ऊर्जा सुटते, आणि हवेचा रोध वगळता उरलेली सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेक सतत हलका दाबून संथ उतरल्यास हवेचा रोध जवळजवळ नाहीसा होतो आणि तापण्याचा सगळा भार रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, पडतो. या कड्यालाच घासणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रिम ब्रेकमध्ये यामुळे ट्यूब फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून सरळ भागात सायकल मोकळी सोडावी, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग पुरेसा कमी करावा आणि वळणात शिरताना ते सोडावेत. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, तेव्हा तो वळणाच्या बराच आधी हलकासा लावून रिम पुसून घ्यावी. रस्ता अनोळखी असेल, वळणापलीकडचे दिसत नसेल, किंवा शेतातून आलेली माती व खडी रस्त्यावर पसरलेली असेल, तर सायकल मोकळी न सोडता संथच उतरावे, आणि त्यात ब्रेक अधिक तापत असल्याने वाटेत थांबून रिम थंड होऊ द्याव्यात आणि मगच पुढे उतरावे.