नवरा लसीला नको म्हणतो, गुपचूप देऊन आणू का?

ताई,
माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. सुरुवातीच्या लसी वेळेवर दिल्या. साडेतीन महिन्यांची असताना एका लसीनंतर तिला रात्रभर ताप होता, मांडी सुजली होती, ती किंचाळून रडत होती. त्या दिवशी मला बरं नव्हतं म्हणून नवराच तिला घेऊन गेला होता. रात्री मी त्याच्यावर चिडलेसुद्धा. दोन दिवसांत ती ठणठणीत झाली, पण तेव्हापासून तो पुढच्या डोसचं नाव काढू देत नाही. सतत व्हिडिओ बघतो, लसीने ऑटिझम होतो म्हणतो, ‘दोन वर्षांची झाली की बघू’ म्हणतो. आता गोवराची लसही राहिली आहे. विषय काढला की भांडण. तो कामावर गेला की गुपचूप देऊन आणावी, असं रोज मनात येतं. काय करू?
— एक आई

प्रिय मैत्रिणी,

मुलीला लस द्यायलाच हवी, आणि दोन वर्षांची होईपर्यंत थांबायचं नाही. यात मला मधला मार्ग दिसत नाही. पण गुपचूप नेऊ नकोस.

कारण अगदी व्यवहारातलं आहे. गोवराच्या लसीचा ताप लगेच त्याच रात्री येत नाही, साधारण आठवड्या-दीड आठवड्यानं येऊ शकतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. तेव्हा मुलगी त्याच्या मांडीवर असेल, तू कदाचित घरात नसशील. तो घाबरून डॉक्टरांकडे धावेल आणि ‘अलीकडे काही लस दिली का?’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणेल. डॉक्टरांना चुकीची माहिती मिळेल ती तुझ्यामुळे. शिवाय हा एका डोसचा प्रश्न नाही. पुढची काही वर्षं लसी असणार आहेत. प्रत्येक वेळी किती लपवशील? आणि एकदा उघडकीला आलं, की त्याची भीती बाजूला राहील आणि भांडण तुझ्या खोटेपणाचं होईल.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘नवराच तिला घेऊन गेला होता’ आणि पुढे ‘मी त्याच्यावर चिडलेसुद्धा.’ माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे, व्हिडिओ नंतर आले. साडेतीन महिन्यांचं लेकरू त्याने स्वतः धरून ठेवलं, सुई टोचू दिली, आणि रात्रभर ते किंचाळत राहिलं. वर तूही त्याच्यावर चिडलीस. आजार आला तर तो आपोआप आला असं वाटतं, पण लसीनंतरचा त्रास मात्र ‘मी दिला’ असा मनाला लागतो. म्हणून काहीच न करणं त्याला सुरक्षित वाटतंय. पण लस न देणं हाही निर्णयच आहे, आणि त्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

म्हणून पहिलं बोलणं लसीबद्दल नकोच. त्या रात्रीबद्दल बोल. ‘तू तिला घेऊन गेलास ते बरोबरच केलंस, मी उगाच तुझ्यावर राग काढला’ एवढंच म्हण आणि थांब. त्याला लगेच डोसच्या तारखेची शेपटी जोडू नकोस.

दुसऱ्या दिवशी किंवा दोन दिवसांनी त्याला विचार, नेमकी कशाची भीती वाटते? मध्ये न बोलता ऐक. त्या तापाची असेल तर उत्तर सोपं आहे: ताप, सूज, चिडचिड हे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या एकत्र लसीनंतर पुष्कळ बाळांना होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. गंभीर अॅलर्जी फार क्वचित, साधारण दहा लाख डोसांत एखादी, आणि ती बहुतेकदा लगेच दिसते. म्हणूनच लस दिल्यावर थोडा वेळ तिथेच बसवून ठेवतात.

ऑटिझमचं मात्र त्याला नीट सांगावं लागेल. ही भीती पसरली ती 1998 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखामुळे. तो केवळ 12 मुलांवर बेतलेला होता. त्यातला अप्रामाणिकपणा उघड झाल्यावर 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचा ब्रिटनमधला डॉक्टरकीचा परवानाही गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तो अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. मग इतक्या आईवडिलांना संबंध का दिसतो? कारण ऑटिझमची लक्षणं पुष्कळदा दुसऱ्या वर्षाच्या आसपास लक्षात येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच वयात लसीही असतात. ते आईवडील खोटं बोलत नाहीत. आधी लस आणि मग लक्षणं, असा क्रम त्यांना दिसतो आणि त्यालाच ते कारण समजतात.

‘दोन वर्षांची झाली की’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ऐकायला ते समजूतदार वाटतं. आईकडून मिळालेलं संरक्षण पहिल्या वर्षातच ओसरत जातं, आणि गोवर लहान बाळांना जास्त जड जातो. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेले दहाजण रुग्णाच्या जवळ आले तर नऊजणांना लागण होऊ शकते. त्यातून न्यूमोनिया होतो, कधी मेंदूला सूज येते, आणि क्वचित एखाद्या मुलाला बरं झाल्यावर सात-आठ वर्षांनी मेंदूचा असा आजार होतो ज्यावर इलाज नाही. डांग्या खोकल्यात अगदी लहान बाळ कधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. आणि ‘बाकीच्या मुलांनी घेतली आहे ना, मग आपल्या मुलीला कुठून होणार’ हे म्हणणं धनुर्वाताला लागूच पडत नाही. त्याचे जंतू मातीत असतात, माणसाकडून माणसाला येत नाहीत.

हे सगळं तू त्याच्यापुढे वाचून दाखवू नकोस. तुझ्या तोंडून आलं की ते पुन्हा भांडणच होईल. डॉक्टरांची फक्त बोलण्यासाठी वेळ घे, ‘आज टोचायचं नाही’ हे आधीच ठरवून. प्रश्न त्याने विचारायचे, त्या रात्रीचं वर्णनही त्यानेच करायचं. तो काय सांगतो यावरून पुढच्या डोसला काही खबरदारी हवी का हे डॉक्टर ठरवतील. मुलीला प्रतिकारशक्तीचा आजार असेल किंवा आधीच्या डोसने गंभीर अॅलर्जी झाली असेल तर गोष्ट वेगळी असते. नुसत्या तापामुळे पुढचा डोस टाळत नाहीत. तापाचं औषध वजनानुसार किती द्यायचं आणि कोणत्या लक्षणांत रात्रीसुद्धा फोन करायचा, हेही तिथेच लिहून घ्या. झटका, श्वासाला त्रास, बाळ नीट जागं न होणं, तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, हे त्यात असू दे.

एवढं करूनही तो अडून बसला तर? तर दोन-तीन आठवड्यांपुढे ताणू नकोस. तोंडावर सांग, ‘अमुक दिवशी मी तिला नेणार आहे, तू आलास तर मला बरं वाटेल.’ तो रागावेल, पण तू काय करते आहेस हे त्याला माहीत असेल. हे सांगायचीच तुला भीती वाटत असेल, हात उगारण्याची किंवा घराबाहेर काढण्याची भाषा होत असेल, तर मला ताबडतोब पुन्हा लिही. तो प्रश्न लसीचा नाही आणि त्याला मी वेगळं उत्तर देईन.

राहिलेल्या डोसांची काळजी करू नकोस. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे देतात. लसीकरणाचं कार्ड बरोबर घेऊन जा आणि त्या दिवशी मुलीला तूच मांडीवर घेऊन बस.

तुझी,
ताई