साडेसाती, जप आणि पाटल्या

प्रश्न : मावशी, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. यांची अंबडच्या कंपनीतली ११ वर्षांची नोकरी दिवाळीच्या तोंडावर गेली. यांची रास मेष. सासूबाईंनी पत्रिका दाखवली, तर साडेसाती सुरू आहे म्हणाले. शनीचा २३ हजार जप आणि होम यांचे ३१ हजार सांगितले. सासूबाई म्हणतात, तुझ्या पाटल्या गहाण ठेव. मी आपली पहाटे नळाला पाणी यायच्या आधी ‘ॐ शं शनैश्चराय नमः’ म्हणते. बरं वाटतं. पण जाऊबाई म्हणतात, बायकांनी शनीचा जप करू नये. मध्ये चार दिवस खंड पडला, तेव्हापासून धास्ती बसलीय. हे रात्र रात्र जागे असतात. परवा म्हणाले, मी नसतो तर विम्याचे पैसे तरी मिळाले असते. मी जप चालू ठेवू का?

उत्तर : अगं, जपाचं सांगते, पण आधी यजमानांचं. ते विम्याचं बोलणं वैतागातलं म्हणून सोडून देऊ नकोस. आज रात्रीच, मुलं झोपली की जवळ बसून सरळ विचार, “जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?” विचारल्याने नसतं खूळ डोक्यात शिरेल अशी भीती बाळगू नको, उलट माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाले, तर त्यांना घटकाभरही एकटं सोडायचं नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्येही मनोविकाराचे डॉक्टर असतात. “मला काय वेड लागलंय?” म्हणतील. तू म्हण, झोपेचं औषध विचारायला जाऊ. खोटं नाहीच ते.

आता जप. खुशाल चालू ठेव. नवग्रहस्तोत्रातलं ‘नीलांजनसमाभासं’ घरोघरी बायका म्हणत आल्या, तेव्हा कुठे जाऊबाईंना विचारायला गेल्या होत्या? चार दिवस राहिला तर राहिला, पाचव्या दिवशी पुढे म्हणायचा. त्याला प्रायश्चित्त नाही आणि दंडही नाही. जी भक्ती माणसाला आणखी घाबरवते ती माझ्या काही पचनी पडत नाही.

बरं वाटतं म्हणतेस, त्यालाही कारण आहे. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांच्या एका पथकाने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं होतं की, ख्रिस्ती जपमाळ म्हणा की ‘ॐ मणिपद्मे हुं’, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. तेव्हा घाईने आकडा गाठू नकोस. एका श्वासात एकदा, सावकाश. तेवीस हजार म्हणजे २१३ माळा. रोज दोन केल्यास साडेतीन महिने. तुझ्याच्याने सहज होईल, तेही बिनपैशात. नाही झाला पुरा, तरी बिघडलं नाही. फक्त एक बघ : माळ घेऊन बसलीस म्हणून बँकेचा फोन उचलायचा राहिला, असं होऊ देऊ नकोस.

ज्योतिषाने रास-बीस बरोबर सांगितली. शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत आला आणि मेषेची साडेसाती लागली. पण कुंभ आणि मीनही आत्ता साडेसातीतच आहेत. एका राशीत शनी साधारण अडीच वर्षं असतो आणि आपल्या मागची, आपली नि पुढची अशा तीन राशींतला त्याचा मुक्काम म्हणजे साडेसाती, त्यामुळे बारातल्या तीन राशी कायमच त्याच्या तावडीत. कंपनीने ज्यांना नारळ दिला ते सगळे याच तीन राशींचे निघाले का, हे सासूबाईंना हळूच विचार. त्या शनिमाहात्म्य वाचत असतीलच. त्यातल्या विक्रमराजाचे हातपाय तोडले, तरी तो तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकत होता आणि गात होता. हा भाग मला फार आवडतो. ३१ हजारांचा होम मात्र त्याने केल्याचं मी काही वाचलेलं नाही.

पाटल्या मोडायच्याच असतील तर उद्या घराच्या हप्त्यासाठी मोडाव्या लागतील, होमासाठी नको. त्याआधी यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, मिळाली का ते बघ. पाच वर्षं भरली की ती हक्काची असते. बेसिक आणि महागाई भत्ता धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ११ वर्षांची रक्कम लहान नाही, आणि कंपनीने ती ३० दिवसांत द्यायची असते. टाळाटाळ केली तर युनियनवाल्यांना किंवा कामगार कोर्टातल्या वकिलाला गाठा. कागद घेऊन तिथे यांनाच पाठव, सोबत एखादा जुना सहकारी असू दे.

सासूबाईंना तोंडावर नाही म्हणू नकोस, घरात नवी कटकट नको. “जप मी घेतलाय, आई” म्हण. आणि एका शनिवारी सगळे मिळून नांदगावजवळच्या नस्तनपूरला शनीच्या दर्शनाला जाऊन या. पावशेर तेल वाहायला कोणाची हरकत असणार?

— मावशी