लेकीला वही देऊन पाड्यावर का पाठवतात?

सिन्नरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या सत्राला आहे. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी तिला पेठ तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं होतं. आई लिहितात, "दिवसभर वही घेऊन घरोघर फिरायचं. घरात माणसं किती, जनावरं किती, संडास आहे का, पाणी कुठून आणता, हेच विचारायचं. इंजेक्शन हाताला लागलं नाही. हे तर आशाताईंचं काम! आम्ही फी भरतो ती हॉस्पिटलचं काम शिकायला. तिला आयसीयूत जायचंय, जमलं तर पुढे जर्मनीला. या पोस्टिंगमधून सूट मिळते का? पुढे याचा उपयोग तरी काय? आणि तिकडे मुक्कामाला पाठवायची आम्हाला धास्ती वाटते."

ताई, नमस्कार.

सूट मिळत नाही, हे आधीच सांगून टाकते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण प्रात्यक्षिकाचे तास पदवी हातात पडण्याआधी शंभर टक्के भरावे लागतात. राहिलेले तास नंतर भरून द्यावेच लागतात. शिवाय २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात हा विषय पाचव्या आणि सातव्या अशा दोन सत्रांत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी पेठच्या वाटेवरचा सावळ घाट नाहीतर दुसरा कुठला घाट चढायचाच आहे. त्यामुळे "टाळता कसं येईल" हा प्रश्न बाजूला ठेवू आणि त्या वहीत काय असतं ते बघू. तुमची तक्रार सगळीच चुकीची नाही. तिच्यातला खरा भाग कुठला, तेही पुढे सांगते.

सिव्हिलच्या मुलांच्या वॉर्डात जुलाबाने सुकलेलं लेकरू येतं. सलाईन लागतं, तिसऱ्या दिवशी डोळे टवटवीत होतात, डिस्चार्ज. विद्यार्थिनीच्या केस-स्टडीत "रुग्ण बरा झाला" अशी नोंद होते. ते लेकरू जातं कुठे? त्याच घरी, त्याच हंड्याकडे. पेठ, त्र्यंबक, सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, पण बरंचसं पाणी उतारावरून गुजरातकडे निघून जातं. उन्हाळा लागला की विहिरी तळाला जातात आणि बाया वाटीवाटीने हंडा भरतात. अशा घरात ओआरएसचं पाकीट नुसतं हातात देऊन भागत नाही. एक पाकीट, एक लिटर पाणी, हे लिटर त्या घरातल्या कुठल्या भांड्याने मोजायचं ते दाखवावं लागतं. झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात आणि आई गोळी बंद करते. वॉर्डातल्या नर्सला हे कधी कळतच नाही, कारण तिच्यासाठी तो रुग्ण तिसऱ्या दिवशी संपलेला असतो. "पाणी कुठून आणता" हा प्रश्न त्यासाठी आहे. वॉर्डात रुग्ण आपल्यापर्यंत पोचलेला असतो. जो पोचत नाही किंवा पुन्हा पुन्हा पोचतो, त्याचं कारण पाड्यावर शिकायला मिळतं, आणि तिथे निर्णय बऱ्याचदा नर्सलाच घ्यावा लागतो.

दुसरं उदाहरण रक्तक्षयाचं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. लोहाच्या गोळ्या बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस द्यायच्या असतात. उपकेंद्राच्या रजिस्टरात "गोळ्या दिल्या" असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. घरी गेलं की गोळ्या डब्यात तशाच निघतात. विचारलं तर कारणं कळतात: शौचाला काळी होते म्हणून भीती वाटली, मळमळलं, किंवा सासू म्हणाली गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि मग सुटका अवघड जाते. कधी गोळी चहासोबत घेतलेली असते, म्हणजे निम्मी वायाच. काळा रंग लोहाचा आहे, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. लिंबू पिळून खा. हे सगळं सुनेला सांगून पुरत नाही, सासूला समोर बसवून सांगावं लागतं. ही शुश्रूषाच आहे, ताई, आणि माझ्या मते इंजेक्शन टोचण्याहून अवघड. इंजेक्शन महिन्याभरात कुणालाही शिकवता येतं.

"आशाताईंचं काम" या तुमच्या शब्दांवर जरा थांबते. आशा २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आल्या, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. पण गावातल्याच बाईला आरोग्याचं काम शिकवायचं, ही कल्पना महाराष्ट्राला त्याआधीपासून माहीत आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी गावांतल्या, फारसं न शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, पोषण यांचं शिक्षण दिलं. १९७८ मध्ये सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आता इथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची परिषद भरली. 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा तिथून जगभर गाजली, आणि प्राथमिक आरोग्य सेवेची जी तत्त्वं तुमची लेक पाठ करते ती तिथलीच. त्याआधीच जामखेडचं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनात छापून आलं होतं. नंतर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्या बायकांना शिकवलं. त्यामुळे बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

यातल्या एका भेटीला तुमच्या मुलीने आशाताईंसोबत जायलाच हवं. बाळ झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हाही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायचं. पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आयसीयूत हा आकडा मॉनिटर दाखवतो. मॉनिटर नसताना ज्या नर्सचा डोळा तयार झालेला असतो, तिला मॉनिटर चुकीचं दाखवतोय हेही लवकर कळतं. आशा ही त्या गावची माणूस, नर्स ही तिला शिकवणारी आणि अडल्यावर तिच्या पाठीशी उभी राहणारी. तिचं काम आधी स्वतः केलेलं नसेल, तर उद्या तिला सांगणार काय?

परीक्षेत प्राथमिक आरोग्य सेवेची चार तत्त्वं येतात: समन्यायी वाटप, लोकसहभाग, आंतरक्षेत्रीय समन्वय, योग्य तंत्रज्ञान. मुली ती पाठ करतात, लिहितात आणि विसरतात. पेठमध्ये ती डोळ्यांना दिसतात. सपाटीवर ५००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात ३००० ला. प्राथमिक आरोग्य केंद्राचं हेच गणित ३०,००० आणि २०,००० चं. निफाड आणि पेठला सारखंच दिलं तर पेठवर अन्याय होतो, एवढाच त्या जड शब्दाचा अर्थ. अंगणवाडीत गरोदर मातांना अमृत आहार योजनेचं गरम जेवण मिळतं. ती योजना आरोग्य खात्याची नाही, पण त्या जेवणाला बाई येते की नाही याचा परिणाम नर्सच्या वजनकाट्यावर दिसतो. म्हणून अंगणवाडीताई, ग्रामसेवक, पाणीपुरवठा या सगळ्यांशी बोलावं लागतं. आणि तंत्रज्ञान म्हणजे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण. वीज लागत नाही, पट्टी खिशात मावते.

लसीकरण सत्राचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे हात आणि डोकं दोन्ही लागतं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. कुपीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेत आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच वापरायची. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, उघडलेली कुपी मात्र नियम पाळून २८ दिवसांपर्यंत चालते. आता विचार करा: दूरच्या पाड्यावर एकच बाळ आलंय, बीसीजीची कुपी दहा डोसांची. उघडायची का? उघडायची. कुपी वाया गेली तरी चालेल, बाळ परत पाठवायचं नाही. हे वाचून येत नाही, सत्रात बसल्यावर येतं.

आणि ती बाळं तरी एका जागी कुठे असतात? दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. गिरणारेला सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तो नाशिककरांना ठाऊक आहे. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडे, बाळ बागेतल्या पालात. पेठच्या यादीत ते "गैरहजर" आणि निफाडच्या यादीत त्याचं नावच नाही. कुठल्याही केंद्रावर लस मिळते हे आईला माहीत नसतं. ज्या मुलीने पेठमध्ये असं बंद घर पाहिलंय, ती शहरातल्या ओपीडीत मजुराच्या बाळाला "कार्ड आणा, मग या" असं म्हणून हाकलणार नाही.

आता तुमच्या तक्रारीतला खरा भाग. काही कॉलेजं या पोस्टिंगचं वाटोळं करतात. मुलींना गाडीतून उतरवायचं, फॉर्म भरून घ्यायचे, पोस्टर लावून फोटो काढायचे, गाडीत बसवायचं. त्या गावाला आपल्या माहितीचं पुढे काय झालं ते कधी कळत नाही. तुमच्या लेकीला निवांत बसवून विचारा. एकाच घरी ती दुसऱ्यांदा गेली का? पहिल्या भेटीत जे सांगितलं ते घडलं की नाही, हे बघितलं का? लसीकरण सत्रात पूर्ण वेळ बसली का? एखादी जोखमीची माता पुढे पाठवली गेली तर ती पोचली का, गाडी कशी मिळाली, हे तिने विचारलं का? शिक्षिका सोबत होत्या का? उत्तरं "नाही, नाही" अशी आली, तर दोष विषयाचा नसून शिकवण्याचा आहे. मग प्राचार्यांना भेटायला जा, आणि सूट मागण्याऐवजी सातव्या सत्रात हे सगळं करायला मिळावं अशी मागणी करा. या विषयात पोस्टिंग नको म्हणणारे पालक खूप येतात, नीट द्या म्हणणारे फार थोडे.

नोकरीचं सांगते. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, आता नाव आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे पद आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी या पदाला चालते. पूर्वी सहा महिन्यांचा वेगळा कोर्स करावा लागायचा, आता तो भाग बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच घातला आहे. तरी भरती निघेल तेव्हा जाहिरातीतली पात्रता ओळ न ओळ वाचायची. महाराष्ट्रात या पदाला २५,००० रुपये आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत मोबदला, अशा जाहिराती निघाल्या आहेत. काम म्हणजे तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, साखर, कर्करोगाची तपासणी, ठरलेली औषधं, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला. डॉक्टर शेजारी नसतो. दुसरी बाजूही ऐका: नोकरी कंत्राटी आहे, मोबदला वेळेवर येईलच असं नाही आणि ऑनलाइन नोंदींचं ओझं भरपूर. पगारासाठीच जायचं असेल तर मी आग्रह करणार नाही. पण बावीस-तेविसाव्या वर्षी स्वतःचं केंद्र सांभाळायची संधी कॉर्पोरेट हॉस्पिटलात मिळत नाही, हेही खरं. शिकवण्याची आवड असेल तर सामुदायिक आरोग्यात एम.एस्सी. करून कॉलेजात जाता येतं.

आयसीयू आणि जर्मनी हे दोन्ही रस्ते या पोस्टिंगने बंद होत नाहीत. जर्मनीत पदवीची मान्यता देताना विषय आणि तास तपासले जातात, म्हणून एकही तास अर्धवट न सोडणं तिच्याच फायद्याचं. तिकडे घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांचं क्षेत्र मोठं आहे. परक्याच्या घरात बॅग कुठे ठेवायची, आधी हात धुऊन मगच ती उघडायची, वापरलेलं आणि स्वच्छ सामान वेगळं कसं राखायचं, हे 'बॅग टेक्निक' तिने पेठच्या घरात, खाली वर्तमानपत्र अंथरून केलेलं असेल. जर्मन भाषेची बी-२ पातळी मात्र लागेल आणि तिला वेळ लागतो. चौथ्या वर्षापर्यंत थांबू नका, आत्ताच सुरू करा. परीक्षेची सोय पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात आहे.

मुक्कामाची धास्ती रास्त आहे. सातव्या सत्राआधी कॉलेजकडून चार गोष्टी लेखी घ्या: मुली कुठे राहणार, रात्री सोबत कोणत्या शिक्षिका असणार, येण्याजाण्याला गाडी कोणाची, आणि केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा नंबर. पाड्यावर जाताना दोघी-दोघींनी जायचं, आशाताई किंवा आरोग्यसेविका बरोबर असेल तरच. पावसाळ्यात गेल्या तर पायात चांगले बूट हवेत, आणि साप चावल्यावरच्या औषधाचा साठा केंद्रात आहे का, हे पहिल्याच दिवशी तिने विचारून घ्यावं.