वाढत्या तापमानात डेंग्यू कुठे पसरेल, हे आधी सांगता येतं का?

सांगता येतं, पण अर्धंच. पुण्याच्या आयआयटीएमवाल्यांनी, म्हणजे हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेनं, पुण्यापुरतं करून दाखवलंय. तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण विखरून पडणारा असला की डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर कोसळला तर अळ्याच वाहून जातात. त्यावरून दोन महिने आधी इशारा देता येईल म्हणतात. काम चांगलंय. पण हेच गणित उचलून लातूरला लावाल तर फसाल. आमच्याकडे डास पावसावर वाढत नाही, नळावर वाढतो: नळ रोज येत नाही, म्हणून पाणी साठवावं लागतं, अन् डास त्यात वाढतो.

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. टाक्यांपाशी जमावबंदी लागलेली. थोरल्या भावाकडे गेलो तर न्हाणीत दोन टिपाडं, वर फळी, आत अळ्या वळवळतायत. माझी हयात आरोग्य खात्यात कंटेनर सर्व्हे, म्हणजे घरोघरची पाण्याची भांडी अळ्यांसाठी तपासण्यात गेलेली. म्हटलं, "दादा, हे ओता अन् टिपाड आतून घासा." दादा भडकले, "इथं घागरीवरून मारामाऱ्या चालल्यात अन् तू पाणी ओत म्हणलालास?"

मला उत्तर सुचेना. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' असं भिंतींवर आम्हीच रंगवलं होतं, अन् तिथं सगळेच दिवस कोरडे. अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतो म्हटलं, तर दादा माळकरी, पिण्याच्या पाण्यात मासे चालेनात. अळ्या मारायचं औषध अ‍ॅबेट, तर त्याला वास येतो. मग फडक्यातून पाणी गाळा, टिपाड घासा, तेच पाणी परत भरा, एवढं तरी करा म्हटलं. तेही झालं नाही. जूनमध्ये वहिनी तापानं पडल्या. डेंग्यू निघाला, प्लेटलेट उतरल्या, आठ दिवस दवाखान्यात.

दादा आजही म्हणतात, गटारीचे डास. अहो, गटारीत वाढतो तो क्युलेक्स. डेंग्यूच्या एडिसला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवते आणि ती महिनोन्महिने कोरडी टिकतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावंच लागतं.

'लातूरच्या उन्हात डास जगतो का' हेही दादांचंच. यात ते थोडे बरोबर आहेत. एडिसकडून प्रसार २९ अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात होतो, ३५ च्या पुढं मंदावतो. पण वेधशाळेचा ४२ चा पारा न्हाणीतल्या अंधारात नसतो, अन् डास राहतो तो तिथंच, नाहीतर खुंटीवरच्या कपड्यांमागं. असे अंदाज बांधणाऱ्यांनी तापमान-पावसाशेजारी आणखी एक रकाना घालावा: नळ किती दिवसांनी येतो.

हे सगळं डेंग्यू-चिकुनगुन्यापुरतं. मलेरियाचा डास वेगळा, त्याला २५ अंशांच्या आसपासची हवा मानवते. आणि मी हवामानाचा माणूस नाही, दारोदार टॉर्च घेऊन हिंडलेला आहे.

दादांच्या टिपाडांवर आता घट्ट झाकणं आहेत, मीच नेऊन दिलेली. पाल पडते म्हणून लावलीत म्हणतात.