काउंटरवरची वस्तू ग्राहकाने उचलली की स्क्रीनवर तिचाच व्हिडिओ लागावा, असा डिस्प्ले कसा बनवायचा? टॅबलेट चालेल का?

टॅबलेट चाचणीपुरता ठीक, कायमचा नको. सतत चार्जरवर आणि वर बंद पेटीतली उष्णता, यामुळे बॅटरी फुगते. बिनबॅटरीचा १० ते १५ इंची आयपीएस मॉनिटर आणि मागे रास्पबेरी पाय ४ (हाताएवढा छोटा संगणक) घ्या. आयपीएसच (तिरकं पाहिलं तरी नीट दिसणारा स्क्रीन), कारण काउंटरवरच्या स्क्रीनकडे लोक उभ्या-उभ्या, तिरकेच बघतात.

सगळा जीव वस्तूखालच्या स्विचमध्ये आहे. वस्तूच्या बुडाला छोटा निओडिमियम चुंबक चिकटवा आणि स्टँडच्या पृष्ठभागाखाली रीड स्विच (काचेच्या नळीत धातूच्या दोन पत्त्या, चुंबक जवळ आला की त्या चिकटून स्विच लागतो) आडवा बसवा. बहुतेकजण इथेच अडकतात: चपट्या चुंबकाचा मध्य काचेच्या नळीच्या बरोबर मध्यावर आला की स्विच लागतच नाही. चुंबकीय रेषा दोन्ही पत्त्यांतून उलटसुलट जातात आणि पत्त्या एकमेकींना ओढत नाहीत. चुंबक नळीच्या एका टोकाकडे सरकवा, लगेच 'टिक' ऐकू येईल.

स्विचचं एक टोक पायच्या जीपीआयओ पिनला (बाहेरचे स्विच जोडायची पिन), दुसरं ग्राउंडला, आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिन १ वर ठेवणारा रेझिस्टर) चालू. वस्तू जागेवर असताना पिन ०, उचलली की १. वायर लांब असेल तर पिन आणि ३.३ व्होल्टमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका. ५ व्होल्ट चुकूनही नको, पिन जळेल. कोडमध्ये ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (स्विचची क्षणिक थरथर दुर्लक्षित करणारी वेळ) ठेवा, नाहीतर एकदा उचललं तरी व्हिडिओ तीनदा सुरू होतो.

व्हिडिओ एच.२६४ फॉरमॅटमध्ये, १०८०पी, १५ ते २० सेकंदांचे. प्लेअर दर वेळी नव्याने उघडू नका, मध्ये काळा पडदा दिसतो आणि तेवढ्यात माणसाची नजर स्क्रीनवरून हटते. एकच प्लेअर चालू ठेवून फक्त फाइल बदला. दोन वस्तू उचलल्या तर शेवटची जिंकते. परत ठेवल्यावर २-३ सेकंद थांबून मगच मुख्य लूपवर (काहीच उचललेलं नसताना सतत चालणारा व्हिडिओ) या. आवाज नको, मजकूर चित्रावरच द्या. काउंटरमागच्या माणसाला तोच आवाज दिवसभर ऐकावा लागतो, आणि मग तो स्वतःच प्लग काढून ठेवतो.

रात्री मेन स्विच थेट बंद होणार हे धरूनच चला. सगळं नीट चाललं की रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग्ज प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा, म्हणजे पायच्या मेमरी कार्डवर काही लिहिलं जात नाही आणि ते खराब होण्याची भीती जवळपास संपते. पेटीला खाली आणि वर, दोन्हीकडे भोकं हवीत. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं तर व्होल्टेज कमी पडतंय: ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर आणि आखूड, जाड केबल लावा.